दुसऱ्या गिअरचा इतिहास

'गिअर टाकणे' हा शब्दप्रयोग गेली कित्येक दशकं खोटा आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? हल्लीच्या कुठल्याही गाडीत आपण ती दांडी पुढे-मागे करतो तेव्हा पुढे जाण्याचा एकही गिअर जागचा हलत नाही. सगळी दातेरी चाकं आपापल्या जोडीदाराच्या दातांत दात अडकवून कायम फिरतच असतात. आपण सरकवतो ती फक्त मधली एक बांगडी. ती ज्या चाकाला जाऊन पकडते, ते चाक शाफ्टला बांधलं जातं आणि 'गिअर पडतो'. बाकीची चाकं शाफ्टवर मोकळी भिरभिरत राहतात. म्हणजे आपण गिअर निवडतो, टाकत वगैरे काही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या सर्व्हिसेस आधीपासून चालूच असतात, आपण फक्त राउटिंग बदलतो.

पण एके काळी हा शब्द अगदी शंभर टक्के खरा होता. आणि त्या काळापासून आजपर्यंतचा रस्ता आमच्या नागपुरातून, काटोलच्या संत्र्याच्या बागेतून आणि घाट रोडच्या एका गॅरेजातून जातो, असं माझं (थोडं पक्षपाती) मत आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात पॅरिसमध्ये. १८९१ च्या सुमारास पॅनार्ड आणि लेव्हासोर या जोडगोळीने मोटारीची जी मांडणी ठरवली ती पुढे शंभर वर्षं जगाने निमूटपणे वापरली: इंजिन पुढे, त्याच्या मागे क्लच, मग गिअरबॉक्स आणि जोर मागच्या चाकांना. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं खरोखरच शाफ्टवरून सरकायची आणि समोरच्या फिरत्या चाकाच्या दातांत जाऊन घुसायची. दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना त्यांचे दात एकमेकांत घालायचे! चालत्या लोकलमधून शेजारच्या चालत्या लोकलमध्ये उडी मारण्यासारखा प्रकार. दोन्ही लोकल एकाच वेगाने जात असतील तर पाऊल उचलून पलीकडे ठेवलं की झालं. नसतील तर काय होईल ते सांगायला नको. गिअरबॉक्समध्ये तेव्हा 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि दातांचे तुकडे तेलात पडतात.

हे टाळायची युक्ती ड्रायव्हरच्या पायात होती. तिचं नाव डबल क्लच. आपल्या आधीच्या पिढीत ज्यांनी ट्रक, जीप किंवा एसटी चालवली त्यांना ही झोपेतही येते. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर घ्यायचा. घाटात एसटी चढताना मागच्या सीटवर बसून जो 'खट्... भूंऽऽ... खट्' असा ताल आपण लहानपणी ऐकला, तो हाच. मधला तो 'भूं' म्हणजे ड्रायव्हर दोन लोकलचे वेग जुळवतोय.

किती जुळवायचा हे आकड्यात बघू, म्हणजे त्या पायाबद्दल आदर वाटेल. युद्धानंतरच्या विलिस जीपमध्ये टी-९० नावाचा तीन गिअरांचा डबा होता. त्याचे रेशो असे: पहिला २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा सरळ १. समजा तुम्ही तिसऱ्यात आहात आणि इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या मारतंय. त्याच वेगाला दुसऱ्यात यायचं तर इंजिन ३१०० च्या आसपास हवं. दुसऱ्यात १५०० वर असताना पहिल्यात यायचं तर २७०० हवेत. हे सगळं एका सेकंदात, टॅकोमीटरशिवाय, कानाने. शिवाय मागे माल, पुढे चढ आणि शेजारी बसलेला क्लीनर बडबड करतोय.

यातून सुटका केली ती अर्ल थॉम्पसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. त्याचं डिझाइन जनरल मोटर्सने घेतलं आणि १९२८ साली कॅडिलॅकमध्ये सिंक्रोमेश आला. कल्पना इतकी साधी आहे की राग येतो. बांगडी दातांत घुसण्याआधी तिने एका पितळी रिंगेला ढकलायचं. रिंग आतून निमुळती, शंकूसारखी. ती गिअरच्या तशाच शंकूवर घासते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो, आणि मगच बांगडीला पुढे जायची वाट मिळते. वेग सारखा होईपर्यंत रिंगेचे दात बांगडीला आडवे उभे राहतात. म्हणजे कुलूपच. वेग जुळले की कुलूप आपोआप उघडतं. (हे कुलूप म्हणजे पुढच्या सुधारणांमधला भाग. पहिल्या आवृत्तीत घाई केली तर दात कुरकुरत. व्हर्जन वन असंच असतं, चालायचंच.)

ड्रायव्हरच्या पायातलं शहाणपण अशा रीतीने एका रिंगेत आलं. आणि याच थॉम्पसनने पुढे हायड्रा-मॅटिक या पहिल्या यशस्वी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचं नेतृत्व केलं, जो १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये आला. म्हणजे आधी मॅन्युअल सोपा केला आणि मग तोच मोडीत काढायची सोय केली. एकाच माणसाने एकाच आयुष्यात एवढं करावं!

आता जीप. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड मिळून सव्वासहा लाखांवर जीप बनल्या. त्यात टी-८४ हा तीन गिअरांचा डबा होता. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, पहिल्या आणि रिव्हर्सला नाही. पहिला गिअर तिथे खरोखरच 'टाकावा' लागे, चाक सरकवून, पॅनार्डसारखा. असं का? कारण पहिला गिअर गाडी उभी असताना घ्यायचा असतो असं गृहीत धरलं होतं. उभ्या गाडीत वेग जुळवायचे कशाला? पैसे वाचले, जागा वाचली. १९४५ मध्ये नागरी जीप आली तिच्यात वर सांगितलेला दणकट टी-९० आला, पण हा नियम तोच राहिला.

हा टी-९० आपल्याकडे कसा आला ते बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात. जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा 'एम'ही महिंद्र झाला. (अक्षरं तीच ठेवून अर्थ बदलणे. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.) चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली, १९५४ मध्ये विलिसशी उत्पादनाचा करार झाला आणि मग उंच बॉनेटची सीजे-३बी भारतीय खेड्यांचं, फॉरेस्ट खात्याचं आणि हिंदी सिनेमातल्या डाकूंचं अधिकृत वाहन झाली. अमेरिकेत ती १९६८ ला बंद पडली. इथे तिचे वंशज पुढची कित्येक दशकं बनत राहिले.

साठच्या दशकात त्याच घराण्यातली चपट्या नाकाची एफसी मालिका आली, म्हणजे ड्रायव्हर इंजिनाच्या वरच बसतो ती मालवाहू गाडी. मूळ अमेरिकन एफसी-१५० लाही टी-९० च होता. प्रवासी जीपला तीन गिअर पुरतात हो. पण टनभर माल लादला की दुसरा आणि पहिला यांच्यातली दरी जाणवायला लागते. चढावर दुसरा दमतो, आणि पहिल्यात यायचं तर सिंक्रो नाही. म्हणजे थांबा, नाहीतर डबल क्लच. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांकडे निदान मागच्या ट्रान्सफर केसमधली 'लो'ची दांडी होती. तिथे २.४६ चा आणखी गुणाकार मिळायचा. सीजे-३बी च्या ५.३८ च्या अ‍ॅक्सलसकट हिशोब केला तर पहिल्या 'लो'मध्ये इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक. त्या वेगाला माणूस शेजारून पायी चालत गप्पा मारू शकतो.

मग तेलाचे भाव भडकले, १९७३ आणि पुन्हा १९७९. पेट्रोलची जीप पोसणं शेतकऱ्याला परवडेना. १९७९ मध्ये महिंद्रने पूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि डिझेलचा कामाचा टप्पा मुळातच अरुंद असल्यामुळे गिअर वाढवणं भाग पडलं. ऐंशीच्या दशकात चार गिअरांचा केएमटी-९० आला, तंत्रज्ञान कोरियाच्या कियाचं. त्याच्या जोडीला पूजोचाच बीए-१० आला, आणि पुढे पाच गिअरवाले. बाजूला त्याच दशकात जपानी लाट: डीसीएम टोयोटा, अल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आणली. पाच-सात वर्षांत भारतातल्या छोट्या मालवाहू गाडीचा ड्रायव्हर डबल क्लचच्या जगातून सिंक्रोच्या जगात आला. माझ्या मते आपल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेतली ही एक मोठी घटना आहे, आणि तिच्यावर कुणी काही लिहीत नाही. कारण याच सुमारास मालवाहू गाडी चालवायला 'ड्रायव्हर' लागेनासा झाला. शेतकऱ्याचा पोरगा स्वतःच चालवू लागला.

आमच्या घरात तो पोरगा म्हणजे माझे काका. काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर, दोन्ही वेळेला क्रेट भरून नागपूरच्या कळमना मार्केटला. त्यासाठी नव्वदच्या दशकात घेतलेली एक पिकअप, चार गिअरची, नंबर एमएच-३१. गाडी कुठल्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही, कारण पुढे जे दुखणं सांगणार आहे त्याला कंपनी जबाबदार नाही, पंचवीसेक वर्षांचा वापर आहे. आणि आमच्याकडे 'वापर' म्हणजे कागदावर जेवढा माल लिहिलाय तेवढाच भरायचा, असा अर्थ कुणीच घेत नाही.

दुखणं असं: दुसरा गिअर घेताना खर्रर्र, आणि घेतल्यावर उतारावर पाय काढला की दांडी आपोआप न्यूट्रलला. मिस्त्री लोक याला गिअर सटकणं म्हणतात. काकांनी दोन वर्षं यावर सोपा उपाय केला होता: दुसऱ्यात असताना डाव्या गुडघ्याने दांडी दाबून धरायची. चुलतभावाचं म्हणणं, विकून टाका. काकांचं म्हणणं, "काहाले इकू बाप्पा, चालून राह्यली नं!" आणि खरा पेच पुढेच होता. १५ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस काढायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्क्रॅपेज धोरण जाहीर झालं, एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या फिटनेसचं शुल्क बरंच वाढलं. भंगारात दिली तर मिळणारे पैसे आणि नव्या पिकअपचा हप्ता यांच्यामध्ये संत्र्याचे दोन चांगले बहार बसतात. आणि चांगला बहार लागोपाठ दोनदा येत नाही, हे काटोलात शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे गिअरबॉक्स सुधारला तर गाडी राहते, नाहीतर कर्ज.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने आधीच सांगितलं होतं, पूर्ण गिअरबॉक्सच बदला, जुना-पुराणा मिळेल. मी म्हटलं एकदा नागपुरात दाखवू.

इथे नागपूरबद्दल चार शब्द. बाहेरच्यांना संत्री, उन्हाळा आणि झिरो माईल एवढंच माहीत असतं. पण हे शहर गिअरबॉक्सचंही आहे. देशाचे दोन लांबलचक महामार्ग, पूर्वीचे सहा आणि सात नंबर, आताचे ५३ आणि ४४, इथे एकमेकांना छेदतात. मुंबई-कोलकाता आणि उत्तर-दक्षिण, दोन्हीकडचे ट्रक इथून जातात, आणि जे जातात ते बिघडतातही. वाडीला ट्रान्सपोर्टची गोडाऊनं, हिंगण्याला एमआयडीसी. तिथेच महिंद्रचा ट्रॅक्टरचा कारखाना. (मूळ कंपनी वेगळी: १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत काढलेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया, ती १९७७ ला महिंद्रमध्ये विलीन झाली.) आणि हिंगण्यालाच एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. महाराष्ट्रात अशा तीनच: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. एसटीचा इतिहास सांगताना सगळे १ जून १९४८ च्या पुणे-नगर गाडीपासून सुरू करतात, पण विदर्भाची सरकारी बससेवा तेव्हा वेगळी होती, मध्य प्रांताची. ती, मराठवाड्याची आणि मुंबई राज्याची अशा तिन्ही मिळून १९६१ मध्ये आजचं महामंडळ झालं. सांगायचा मुद्दा असा की ज्या शहरात बसचे, ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स पिढ्यान् पिढ्या उघडले जातात, तिथे ते काम येणारी माणसं तयार होतात. कार्यशाळेतून रिटायर झालेला माणूस गॅरेज टाकतो, त्याच्या हाताखालचा पोरगा पुढे आपलं टाकतो. अशी माणसं आणि त्यांना लागणारे सुटे भाग गणेशपेठेच्या बाजूला घाट रोडवर सापडतात.

आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे. गाडी उघडायच्या आधी त्यांनी तीन गोष्टी केल्या, आणि त्या मला डीबगिंगचा आदर्श धडा वाटल्या. आधी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून आवाज ऐकला. बारीक घरघर होती. मग क्लच दाबला, घरघर थांबली. म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा, कारण क्लच दाबल्यावर आतलं सगळं थांबतं. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग. तिसरी परीक्षा सगळ्यात छान: क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स घ्यायचा. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे आत काही फिरत असेल तर तो लगेच चुगली करतो. रिव्हर्स खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, आणि मग गिअरबॉक्स उघडून काही फायदा नाही. आमचा रिव्हर्स लोण्यासारखा पडला. मिस्त्री म्हणाले, "क्लच बरोबर सुटून राहिला. अर्धे लोक इथंच चुकतात, भाऊ. क्लचच्या आजारासाठी गिअरबॉक्सचं ऑपरेशन करून टाकतात." एका वाक्यात रूट कॉज अ‍ॅनालिसिस.

गिअरबॉक्स उतरवला. तेल काढलं तर ते काळं आणि मधासारखं घट्ट. मिस्त्रींनी ते बोटांवर चोळून उन्हात धरलं. सोनेरी चमक दिसली तर पितळ, म्हणजे रिंगा झिजताहेत. करड्या बारीक किसासारखं दिसलं तर लोखंड, ते थोडं असतंच. टणक तुकडे हाताला लागले तर दात किंवा बेअरिंग गेलं. आमच्याकडे सोनं भरपूर निघालं.

तेलाच्या घट्टपणामागेही एक गोष्ट आहे. गिअर ऑइल ९० नंबरचं सांगितलेलं असताना १४० चं भरायची सवय आपल्याकडे जुनी आहे. घट्ट तेलात घरघर दबते, गिऱ्हाईक खूश. पण सिंक्रोची रिंग शंकूवर पकडायला आधी मधला तेलाचा पापुद्रा कापावा लागतो. त्यासाठीच तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. तेल जितकं घट्ट तितकं ते कापायला वेळ लागतो, आणि नागपूरच्या डिसेंबरच्या पहाटे, मार्केटला निघायच्या वेळी, तर बघायलाच नको. त्यात दुसरी गोम: गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून लोक पाच घेतात. जीएल-५ मुळात मागच्या अ‍ॅक्सलसाठी, तिथे दातांवर भयंकर दाब असतो म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त. तीच रसायनं पितळी रिंगांना त्रास देऊ शकतात आणि रिंगेची पकडही कमी करतात. पितळी सिंक्रोच्या जुन्या डब्याला कंपनीने सांगितलेलं जीएल-४ च बरं. नवीन व्हर्जन म्हणजे चांगलं व्हर्जन, या समजुतीचे बळी फक्त आपल्याच क्षेत्रात नसतात तर!

डबा उघडल्यावर दुसऱ्या गिअरची रिंग त्यांनी शंकूवर दाबून बसवली आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने मोजून दाखवली. नवी असताना ही फट साधारण मिलिमीटरभर असते. रिंग झिजत जाते तशी ती शंकूवर आत आत सरकते आणि फट बुजते. आमची फट शून्य. म्हणजे रिंग शंकूला पकडण्याऐवजी सरळ गिअरच्या अंगावर टेकत होती, ब्रेक लागतच नव्हता. हा झाला खर्रर्रचा खुलासा. सटकण्याचा खुलासा वेगळा: बांगडीचे आणि गिअरचे छोटे दात चौकोनी राहिले नव्हते, गोलसर झाले होते. गोल दात गोल दातांना धरून ठेवत नाहीत, भार उलटा झाला की एकमेकांना बाहेर ढकलतात. शिवाय दांडीच्या शाफ्टला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी, तीही दमलेली. आणि काकांचा गुडघा! दोन वर्षं दांडी सतत दाबून धरल्यामुळे फोर्क बांगडीच्या खाचेत एका बाजूने घासून पातळ झाला होता. दुखण्यावरचा उपायच दुसरं दुखणं झाला होता. काकांनी हे ऐकून गुडघ्यावर हात फिरवला, बाकी काही बोलले नाहीत.

पूर्ण गिअरबॉक्स बदलायची गरज नव्हती. दुसरा गिअर, बांगडी, हब, सगळ्या रिंगा, फोर्क, बेअरिंगं, खालच्या शाफ्टचे नीडल रोलर आणि वॉशर, ऑइल सील आणि पॅकिंग. हे सगळं घाट रोडवर दोन तासांत मिळालं, फक्त फोर्क जुन्या डब्यातून काढलेला घ्यावा लागला. मी थक्क झालो ते याचं. जी गाडी आता बनत नाही तिचा एकेक दातेरी गिअर सुटा मिळतो. माझा तीन वर्षांपूर्वीचा फोन दुकानदार उघडायलाही तयार नाही.

जोडणीतली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. खालच्या शाफ्टवर जो गिअरांचा एकत्र ठोकळा असतो, त्याच्या पोटात दोन्ही टोकांना सुटे नीडल रोलर असतात, उदबत्तीच्या तुकड्यांसारखे. ते आत धरून ठेवायला काहीच नसतं. मिस्त्रींनी ग्रीस लावून एकेक रोलर आत चिकटवला, मध्ये खऱ्या शाफ्टऐवजी त्याच जाडीचा, पण ठोकळ्याएवढ्याच लांबीचा एक आखूड दांडा घातला, आणि ठोकळा डब्यात ठेवून बाहेरून खरा शाफ्ट हळूहळू आत ठोकत गेले. खरा आत आला तसा खोटा दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. एकही रोलर पडला नाही. तो आखूड दांडा त्यांनी स्वतः लेथवर बनवून घेतलाय, वीस वर्षांपूर्वी. त्यांना म्हटलं याला आम्ही प्लेसहोल्डर म्हणतो. ते म्हणाले, "म्हणत असान."

त्यांच्या हाताखाली आता कुणी नाही. मुलगा बँकेत आहे. नव्या गाड्यांचे गिअरबॉक्स बहुतेक असेंब्ली म्हणूनच बदलतात, त्यामुळे रोलर चिकटवायला शिकायला कोण येणार? २०२२ च्या १ जूनला एसटीची 'शिवाई' ही इलेक्ट्रिक बस धावली, त्याच पुणे-नगर मार्गावर. तिला गिअर निवडायची दांडीच नाही. घाटातला तो 'भूं' तिथे येणार नाही, आणि खरं सांगायचं तर ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे. मला डबल क्लचचे उमाळे येत नाहीत. आठ तास ड्यूटीत काही शे वेळा पाय मारणाऱ्या माणसाला विचारा. पण ज्या लाखो जुन्या पिकअप अजून कांदा, संत्री, जनावरांचं खाद्य ओढताहेत, त्यांचं आयुष्य अशा दहा-वीस आखूड दांड्यांवर उभं आहे, एवढं मात्र दिसलं. स्क्रॅपेजच्या चर्चेत गाडीचं वय विचारतात. तिचा मिस्त्री किती वर्षांचा आहे हे कुणी विचारत नाही.

पिकअप फिटनेसला पास झाली आणि मृग बहाराला कळमन्याला गेली. नव्या रिंगा असल्यामुळे पहिले काही दिवस दांडी जरा जड लागते, रिंग शंकूवर बसेपर्यंत. त्या काळात घाई करायची नाही, आणि हजारेक किलोमीटरनंतर तेल एकदा काढून पुन्हा नवं भरायचं, कारण सुरुवातीचा पितळी कीस सगळा त्यातच असतो. चुलतभावाला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, मग रिव्हर्सला का नाही बसवली रिंग? त्याचं उत्तर टी-८४ च्याच काळातलं आहे: मागे जायचं तर गाडी आधी उभी करावीच लागते, म्हणून तिथे कुणी पैसे घातले नाहीत. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत आजही नाहीत. त्याच्या पिकअपमध्ये 'गिअर टाकणे' हा शब्द अजून खरा आहे तो तेवढ्या एकाच जागी. गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा, तीन मोजायचे आणि मग टाकायचा.